हुलग्याचे शेंगोळे आणि त्यांची भावकी

हुलग्याचे शेंगोळे ज्यांनी कधी खाल्लेले नाहीत त्यांना हा पदार्थ समजावून सांगताना थोडी अडचण होते. हाताने वळलेल्या, बोटाएवढ्या लांब पिठाच्या वळ्या लसूण-मिरचीच्या झणझणीत पाण्यात शिजवायच्या आणि त्या रश्श्यासकट गरम गरम खायच्या, एवढेच खरे तर सांगण्यासारखे असते. पण ऐकणारा लगेच "म्हणजे नूडल्सच की" असे म्हणतो, आणि ते अगदीच चूक आहे असेही म्हणता येत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत, तिकडे संगमनेर-अकोले तालुक्यांकडे आणि पुढे बीडपर्यंत थंडी पडू लागली की हा पदार्थ घरोघर होतो. कोणी त्याला शेंगोळे म्हणतात, कोणी शेंगोळ्या, आणि वळीची दोन्ही टोके जुळवून कडे करण्याची ज्या घरांत रीत आहे तिथे क्वचित त्याला जिलब्या असेही म्हटलेले ऐकू येते.

करायला बसण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतलेली बरी. शेंगोळ्यांचा रस्सा वेगळा तयार करून त्यात शेंगोळे सोडलेले नसतात. पातेल्यात आधी असते ते केवळ फोडणीचे पाणी. शिजता शिजता शेंगोळ्यांच्या अंगावरून थोडे थोडे पीठ सुटते आणि त्या पिठानेच रश्श्याला दाटपणा, रंग आणि हुलग्याची ती खरपूस, किंचित मातकट चव येते. पीठ अजिबात सुटले नाही तर रस्सा पाणचट राहतो आणि फार सुटले तर शेंगोळेच उरत नाहीत. या दोहोंच्या मधली जागा साधणे हेच सारे कसब आहे, आणि ते फोडणीत नसून पीठ मळण्यात आहे.

पिठाविषयी

हुलगा म्हणजेच कोकणातला कुळीथ. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि बेताच्या पावसावर येणारे हे कडधान्य पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पूर्वापार घेतले जाते. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे ज्या घरात रोज डाळ परवडत नसे तिथे हुलग्याने पोट भरले आणि अंगात ताकदही टिकली. नवा हुलगा साधारणपणे थंडीच्या सुरुवातीला घरात येतो, आणि शेंगोळे थंडीतच का होतात याचे अर्धे उत्तर त्यातच आहे; उरलेले अर्धे उत्तर असे, की हुलगा उष्ण मानला जातो आणि उन्हाळ्यात त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

बाजारात तयार पीठ मिळते, पण घरी दळून आणता आले तर चवीत फरक पडतो. हुलगा निवडताना मात्र कंटाळा करून चालत नाही. त्यात बारीक खडे असतात, त्यांचा रंग नेमका हुलग्यासारखाच असतो, आणि एकच खडा दाताखाली आला तरी सगळ्या ताटाचा विरस होतो. सुपात पाखडून, नंतर ताटात पसरून दोनदा निवडावे. मग मंद आचेवर पाच-सहा मिनिटे, खमंग वास सुटेपर्यंत भाजावे, पूर्ण गार करून दळावे आणि पीठ चाळून घ्यावे. जास्त भाजले तर पीठ कडवट होते आणि वळायलाही त्रास देते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी दुकानात "हुलगा" मागितला तर बहुधा कोणाला कळणार नाही. हिंदीत त्याला कुल्थी म्हणतात, कन्नडमध्ये हुरळी, तमिळमध्ये कोळ्ळू आणि तेलुगूत उलवलु. परदेशातल्या भारतीय दुकानांतही यांपैकी एखाद्या नावाने अख्खा हुलगा सापडतो आणि मिक्सरमध्ये थोडा थोडा करून तो दळता येतो.

हुलग्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कणकेला ताणले की ती लांबते, हे पीठ ताणले की तुटते. म्हणून त्याला जोड द्यावी लागते. चार माणसांसाठी दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ आणि अर्धी वाटी कणीक हे प्रमाण घ्यावे. वाटी आमटीची, म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची. कणकेचे प्रमाण याहून वाढवू नये, कारण मग शेंगोळे वळायला सोपे जातात खरे, पण शिजल्यावर रबरासारखे लागतात आणि रश्श्यातही पीठ पुरेसे उतरत नाही. निव्वळ हुलग्याचे शेंगोळे करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या हाताला पन्नास वर्षांची सवय असते. आपण त्या फंदात पडू नये.

वाटण आणि मळणे

लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या, सहा-सात तिखट हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरे आणि मूठभर कोथिंबीर काड्यांसकट खलबत्त्यात जाडसर कुटून घ्यावी. मिक्सर वापरायचा असेल तर पाणी न घालता थांबून थांबून फिरवावे, कारण वाटण मऊ झाले की लसणाचा दाताखाली येणारा कण नाहीसा होतो. या वाटणाचे दोन भाग करावेत. एक पिठात जातो, दुसरा फोडणीत. काही घरांत हिरव्या मिरचीऐवजी लाल तिखट किंवा कांदा-लसूण मसाला घालतात आणि तोही चांगला लागतो, मात्र हुलग्याच्या चवीवर तो थोडी कुरघोडी करतो असे माझे मत आहे.

परातीत तिन्ही पिठे एकत्र करून त्यात निम्मे वाटण, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, चवीपुरते मीठ आणि एक मोठा चमचा तेल घालावे. तेल पिठाला चोळून घेतल्यावर थोडे थोडे पाणी घालत घट्ट गोळा मळावा. एक वाटी पाणी जवळ ठेवले तर त्यातले थोडे उरायला हवे. पोळीच्या कणकेपेक्षा हा गोळा बराच घट्ट असतो, पुरीच्या कणकेसारखा किंवा त्याहूनही थोडा कडक. बोटाने दाबले की खूण उमटावी, पण बोट चिकटू नये. गोळा दहा मिनिटे झाकून ठेवावा म्हणजे पीठ पाणी पिऊन एकजीव होते.

मी पहिल्यांदा शेंगोळे केले तेव्हा वळायला सोपे जावे म्हणून पीठ सैल मळले होते आणि पाण्याला उकळी येण्याची वाटही पाहिली नव्हती. दहा मिनिटांनी झाकण काढले तर पातेल्यात एकही शेंगोळा शिल्लक नव्हता. आजीने पळीने ते ढवळून पाहिले आणि "झालं तुझं माडगं" एवढेच म्हणाली. हुलग्याचे माडगे, म्हणजे पिठाची पातळ पेज, हा स्वतंत्र आणि चांगला पदार्थ आहे, पण त्या दिवशी तो कोणी मागितला नव्हता. सैल पीठ आणि कोमट पाणी या दोन चुका एकत्र झाल्या की उपाय उरत नाही. त्यांतली एकच झाली असेल तर निभावून नेता येते. पीठ सैल वाटले तर त्यात मूठभर ज्वारीचे पीठ मिसळून पुन्हा मळावे.

वळणे

आता पोळपाट किंवा पालथी परात घ्यावी आणि तिला तेलाचा पुसट हात फिरवावा. तेल जास्त झाले तर पीठ घसरते आणि वळी होण्याऐवजी नुसती पुढे-मागे सरकत राहते. लहान लिंबाएवढी गोळी घेऊन आधी ती तळहातात दाबून घट्ट करावी, म्हणजे आतली हवा आणि भेगा निघून जातात. मग गोळी पोळपाटावर ठेवून चार बोटांनी मधून कडेकडे असा हलका दाब देत फिरवावी. हात फक्त पुढे-मागे नेला तर वळी मध्ये बारीक आणि टोकांना जाड होते. फिरवता फिरवता बोटे बाहेरच्या बाजूला पसरवीत नेली तर जाडी सारखी राहते. जाडी पेन्सिलीएवढी आणि लांबी बोटाहून थोडी जास्त असावी. टोके निमुळती ठेवली की तिचा आकार शेंगेसारखा दिसतो. कडे करायचे असल्यास दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून अंगठ्याने दाबावीत. जोड नुसता टेकवलेला राहिला तर पाण्यात पडताच सुटतो.

वळताना पृष्ठभागावर बारीक भेगा पडू लागल्या तर पीठ कोरडे पडते आहे असे समजावे. उरलेल्या गोळ्यावर ओला हात फिरवून तो पुन्हा मळून घ्यावा, आणि गोळा नेहमी ओल्या फडक्याखाली ठेवावा. वळलेले शेंगोळे एकमेकांना चिकटणार नाहीत असे तेल लावलेल्या ताटात सुटे मांडावेत. शेवटची एक-दोन गोळ्यांएवढी कणीक वळू नये, ती बाजूला राहू द्यावी. तिचे काम पुढे आहे. दोन वाट्या पिठाचे शेंगोळे वळायला एका माणसाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. घरात आणखी कोणी रिकामे बसलेले असेल तर त्याला पोळपाट द्यावा, कारण हे काम मुलांनाही जमते आणि मुलांनी वळलेले वेडेवाकडे शेंगोळे शिजल्यावर ओळखूही येत नाहीत.

रस्सा

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल तापवून मोहरी आणि जिरे तडतडू द्यावे. पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या वेगळ्या घालून तांबूस कराव्यात, मग उरलेले वाटण, हळद आणि हिंग घालून कच्चा वास जाईपर्यंत परतावे. यात सात-आठ वाट्या पाणी ओतून बेताने मीठ घालावे. पिठातही मीठ आहे आणि रस्सा पुढे आटणार आहे, हे लक्षात ठेवावे. पाणी खळखळून उकळले पाहिजे. शेंगोळे याच वेळी सोडायचे, तेही सगळे एकदम नाही. चार-पाच सोडले की उकळी मंदावते. ती पुन्हा येऊ द्यावी आणि मग पुढचे सोडावेत.

सगळे सोडून झाल्यावर पहिली सात-आठ मिनिटे पळी लावू नये. या वेळात शेंगोळ्यांचा बाहेरचा थर शिजून घट्ट होत असतो, आणि त्याआधी ढवळले तर तुकडे पडतात. फारच वाटले तर पातेले सांडशीने धरून हलवावे. झाकण अर्धवट ठेवावे, कारण पूर्ण झाकले की पिठाचा फेस वर येऊन ओट्यावर सांडतो. शेंगोळे आधी तळाशी बसतात आणि शिजत आले की वर येऊ लागतात, पण वर आले म्हणजे शिजले असे नाही. मध्यम आचेवर एकूण वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. एक शेंगोळा काढून मधोमध तोडून पाहावा: आत फिकट, पिठाळ गाभा दिसत असेल तर अजून वेळ आहे, आतून-बाहेरून एकच रंग दिसला तर झाले. हुलगा कच्चा राहिलेला पोटाला मानवत नाही, तेव्हा या परीक्षेत घाई नको.

बाजूला ठेवलेली कणीक आता परातीतच वाटीभर पाण्यात कालवावी, परातीला चिकटलेले पीठही त्याच पाण्यात धुऊन घ्यावे आणि ते पाणी उकळत्या रश्श्यात ओतावे. दोन-तीन उकळ्यांत रस्सा दाटतो. ज्यांना आवडते त्यांनी याच वेळी दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घालावा. नगरकडे तो हमखास असतो, माझ्या घरी नसतो. रस्सा पळीवर पातळ थर धरेल इतपत असावा. ताटात वाढेपर्यंत तो आणखी घट्ट होतो, म्हणून एका भांड्यात उकळते पाणी हाताशी ठेवावे. कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन शेंगोळे करणारेही आहेत. वेळ वाचतो, पण आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि झाकण उघडल्यावर काही करता येत नाही.

शेंगोळे खोलगट ताटलीत रश्श्यासकट वाढून वर चमचाभर कच्चे तेल, लिंबू आणि कोथिंबीर घालावी, सोबत बुक्कीने फोडलेला कांदा आणि ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी असावी. भाकरी रश्श्यात कुस्करून खाणारे आणि शेंगोळे आधी संपवून रश्श्यासाठी भाकरी राखून ठेवणारे असे दोन पंथ आहेत. उरलेले शेंगोळे दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी घालून उकळले तर लसूण अधिक मुरलेला असतो.

प्रदेश बदलला की

या पदार्थाचे प्रकार गावागणिक बदलतात असे म्हणून सोडून देता येईल, पण त्या बदलामागे एक साधे कारण दिसते: ज्या भागात जे पीठ मुबलक, त्याच्या स्वभावाप्रमाणे आकार ठरतो. न ताणले जाणारे पीठ हाताने जाड वळावे लागते, ताणले जाणारे पातळ लाटता येते आणि तांदळासारखे पीठ आधी उकडल्याशिवाय धागाच धरत नाही.

मराठवाड्यात आणि खानदेशात अनेक घरी शेंगोळे ज्वारीच्या पिठाचे असतात, त्यात बेसन आणि थोडी कणीक मिसळलेली. ज्वारीलाही चिवटपणा नाही, म्हणून पीठ गरम पाण्याने मळले तर वळायला सोपे जाते. हे शेंगोळे हुलग्याच्या मानाने लवकर, पंधरा-सोळा मिनिटांत शिजतात आणि रस्साही फिकट होतो, म्हणून त्याला लाल तिखट आणि तीळ-शेंगदाण्याची जोड देतात. कोकणात कुळीथ भरपूर, भात कापल्यावर त्याच ओलाव्यावर तो पेरलाही जातो, तरी तिथे त्याची पिठीच होते, शेंगोळे नाही. ताटात भात असला की त्यावर ओतण्यासारखे काहीतरी पातळ हवे असते, आणि पिठी तेच काम करते.

कोल्हापूर, सातारा, सोलापूर या बाजूला गव्हाच्या चकोल्या आहेत. एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून, घोटून, गोडा किंवा कांदा-लसूण मसाला, चिंच आणि गूळ घालून नेहमीपेक्षा दुप्पट पातळ आमटी करावी. दीड वाटी कणकेत तिखट, हळद, ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळावे, पोळीहून किंचित जाड लाटावे आणि कातण्याने शंकरपाळ्यांसारखे चौकोन कापून उकळत्या आमटीत एकेक करून सोडावेत. ढीगभर एकदम टाकले तर त्यांचा लगदा होतो. बारा ते पंधरा मिनिटांत शिजतात, आणि वर साजूक तूप लागतेच. विदर्भ-मराठवाड्यातली वरणफळे याच कुळातली, मात्र तिथे काही घरांत चौकोन न कापता लहान पुरी लाटून तिच्या कडा मध्याशी चिमटतात, म्हणजे फळासारखा आकार येतो, आणि साध्या वरणात शिजवून वर लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी घालतात. गुजराती डाळढोकळी मुंबईच्या शेजारधर्मामुळे आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. तिची ओळख म्हणजे अख्खे शेंगदाणे आणि गोडाकडे झुकणारी चव.

तांदळाचा प्रकार म्हणजे सिंधुदुर्गातले शिरवाळे, आणि ते गोड असतात. दोन वाट्या तांदळाच्या पिठाची दोन वाट्या उकळत्या पाण्यात मीठ घालून उकड काढावी, गरम असतानाच मळून तिचे मुठीएवढे गोळे करावेत आणि ते उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत शिजवावेत. गोळा पाण्यातून काढल्याबरोबर लाकडी साच्यात घालून दाबावा लागतो. तो निवला तर साचा हलत नाही, म्हणून एकाने साचा दाबायचा आणि दुसऱ्याने खाली केळीच्या पानावर शेवांची गुंडाळी धरायची. नारळाच्या दाट दुधात किसलेला गूळ, वेलची आणि मिठाची कणी घालून रस करावा, पण तो उकळू नये, कारण नारळाचे दूध फाटते. गोव्यातही शेवयो आणि रोस अशीच जोडी आहे.

साच्याचा विषय निघाला की शेंगोळेही सोऱ्यातून पाडता येतील का, असा प्रश्न हमखास येतो. बारीक शेवेच्या चकतीने मी करून पाहिले. सगळे पीठ रश्श्यात विरघळले. सर्वांत जाड भोकांची चकती लावून, पीठ आणखी घट्ट मळून आणि सोऱ्या थेट उकळत्या पाण्यावर धरून केले तेव्हा तुकडे टिकले, पण वाफेने हात भाजला आणि सोऱ्या फिरवायला दोघे लागले. तेवढ्या वेळात चार हातांनी पोळपाटावर वळून झाले असते.